चार महिन्यांची गैरहजेरी

दाजी, तुमच्या तेराव्याच्या पंगतीत निम्मी माणसं पाटाच्या पाण्यावर जगलेली होती. हात धुऊन झाला की एकेक जण मला बाजूला घ्यायचा आणि तुमचं काहीतरी सांगायचा. एकाच्या हळदीची पाळी तुम्ही ऐन उन्हाळ्यात चुकू दिली नव्हती. एकाच्या म्हाताऱ्या आईला दारं धरायला कुणी नव्हतं, तर तुम्ही खोरं घेऊन तिच्या सऱ्या भिजवून दिल्या होत्या. मी मान हलवत ऐकत होतो. मनात मात्र एकच चाललं होतं, की साऱ्या शिवाराचं ऐकणाऱ्या या माणसानं माझं एक ऐकलं असतं, तर आज माझ्या बहिणीला पेन्शन असती.

पहिल्याच परिच्छेदात भांडण काढलं. पण आपल्यात दुसरं होतं काय? पस्तीस-चाळीस वर्षं मी तुमच्याशी भांडलो. आता एकदम गोड बोलायला लागलो तर तुम्हालाच वाटेल की मेहुण्याची तब्येत बिघडली.

आपली ओळखच घासाघिशीतून झाली. तुमच्या लग्नात मी आठ वर्षांचा होतो. नवरीचा भाऊ म्हणून नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा, आणि कान सोडवून घ्यायचा तर नवरदेवानं काहीतरी द्यायचं. मोठ्यांनी टॉवेल-टोपी ठरवून ठेवली होती. मी म्हणालो सायकल. मांडवातले सगळे हसले, मी कान सोडला नाही. मामांनी डोळे वटारले, आईनं पदराआडून दटावलं, तुमचा कान लालभडक झाला. तेव्हा तुम्ही वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणालात, "बाबा, ह्या कानानं मला आता जन्मभर तुझ्या अक्काचं ऐकायचं हाय. तोडून ठेवू नको." मला हसू आलं आणि पकड सुटली. सायकल राहिली ती राहिलीच. पुढं बैलबाजारात मी शेकडो सौदे जिंकले, तुमच्याशी केलेला एकही नाही.

तुम्ही पाटाचे चौकीदार. कालव्याचा एक तुकडा तुमच्याकडे होता. दारं उघडायची, लावायची, कड फुटली तर बुजवायची, कुणाची पाळी कधी ते वस्तीवर जाऊन सांगायचं. पाण्याच्या आवाजावरून तुम्ही सांगायचात की वरच्या अंगाला कुणीतरी दार चोरून उचललंय. आणि तुम्हा चौकीदारांची आपसात एक रीत होती. एकाच्या घरी लग्न, मयत, दुखणं निघालं की शेजारच्या तुकड्याचा चौकीदार दोन्ही तुकडे बघायचा. "माझं पाणी बघ" एवढं म्हटलं की झालं. अर्ज नाही, सही नाही. ज्याचं पाणी थांबलं नाही तो कामावर हजर, असं तुमचं गणित. तुमच्या शेजारच्या तुकड्यावर महेबूबभाई होते. त्यांच्या आईच्या आजारपणात तुम्ही पंधरा दिवस त्यांचं पाणी बघितलं होतंत. तुम्हा दोघांना हे इतकं साधं वाटायचं की त्यात कुठं कागद लागतो हे कधी डोक्यातच आलं नाही.

त्याची किंमत पुढं माझ्यामुळं मोजावी लागली. माझ्या रागामुळं, असं लिहिलं तर जास्त खरं.

मी तेव्हा तिशीला टेकलो होतो. बाप मागं काही ठेवून गेला नव्हता. दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरता धरता मी स्वतः हेडी झालो होतो, म्हणजे बैलांचा दलाल. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. रुमालाखाली बोट दाबलं की शब्द दिला. एके दिवशी एका गिऱ्हाइकानं बोट दाबलं, हात बाहेर काढला आणि मग म्हणाला मी दाबलंच नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी शिव्या देत त्याच्या हातातला कासरा हिसकला. बैलाचा काय दोष, तो बुजला आणि त्यानं मला शिंगावर घेतलं. मांडीपासून पोटापर्यंत फाडलं. नांदेडच्या दवाखान्यात नेईपर्यंत मी वाचत नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती. आई थकलेली. अक्काच्या दोन्ही पोरी लहान. तुम्ही त्या दिवशी पाटावरून तसेच आलात, पायाला चिखल, खांद्यावर उपरणं. महेबूबभाईंना म्हणालात "माझं पाणी बघ" आणि टेम्पोत माझ्या उशाशी बसलात. एक-दोन दिवसांची गोष्ट म्हणून आलात. जखम चिघळली, पुन्हा फाडावी लागली, पुन्हा चिघळली. चार महिने तुम्ही तिथून हलला नाहीत.

दाजी, बहिणीच्या नवऱ्यानं मेहुण्याचं हागणं-मुतणं काढायचं नसतं. आपल्याकडं तर उलट असतं. तुमचे पाय आम्ही धुवायचे, तुम्हाला पाट आम्ही मांडायचा. मला इतकी लाज वाटायची की मी दिवसभर पाणी पीत नसे. ते तुमच्या ध्यानात आलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. पेला माझ्या तोंडाला लावलात आणि म्हणालात, "पी. पाणी सोडायचं अन् पाणी काढायचं, मला दुसरं काम येतंय कुठं?" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा टाके तुटतील इतका हसला.

खिडकीखाली केळीवाला यायचा. तुम्ही तो सांगेल त्या भावानं केळी घेऊन यायचात आणि मी खाटेवरून ओरडायचो, की अर्ध्या भावात देतो तो, परत जा. तुम्ही म्हणायचात, "त्याला बी घर हाय." माझा जीव वर-खाली व्हायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं की याला चिडू देऊ नका, आणि तुम्ही मला रोज डझनभर केळ्यांनी चिडवत होतात. नंतर कळलं की मुद्दाम करत होतात. मी चिडलो की उठून बसायचा प्रयत्न करतो, हे तुम्ही हेरलं होतंत.

मी एकदाच विचारलं, "दाजी, नोकरीचं काय?" तुम्ही म्हणालात, "महेबूबभाई हाय ना पाटावर. माझं पाणी एक दिवस खोळंबलं न्हाई." मी पुन्हा विचारलं नाही. एवढा मोठा सौदेबाज मी, लोकांच्या बैलांचे दात मोजणारा, पण आपल्या माणसाच्या नोकरीचा कागद कुठं आहे हे मला विचारावंसं वाटलं नाही.

तुम्ही परत गेलात तेव्हा साहेब बदलला होता. नवा साहेब वाईट नव्हता, पण त्याच्यासमोर हजेरीपट होता आणि त्यात तुमच्या नावापुढं चार महिने कोरे होते. त्यानं तुम्हाला कामावर घेतलं. पगार पुन्हा सुरू झाला, तुम्ही पुन्हा पाटावर गेलात. सेवापुस्तकात लाल शाईनं एक ओळ लिहिली गेली ती तुम्ही वाचली नाहीत, तुम्हाला कुणी वाचूनही दाखवली नाही. त्यानंतर साडेनऊ वर्षं तुम्ही एका दिवसाची रजा घेतली नाहीत. धाकटीच्या साखरपुड्यालासुद्धा पाणी सोडून आलात आणि जेवून परत गेलात.

निवृत्त व्हायच्या आधी कागद जमवायला म्हणून मी तुमच्याबरोबर कचेरीत आलो, तो दिवस मला अजून झोंबतो. जिल्हा नुकताच वेगळा झालेला. काही कामाला परभणी, काही कामाला हिंगोली, अशा एस.टी.च्या खेपा घालून आपण शेवटी एका कारकूनबाईंच्या टेबलापाशी पोचलो. बाई शांत होत्या, चष्मा नाकावर. त्यांनी सेवापुस्तक उघडलं, ती लाल ओळ बोटानं दाखवली आणि आपल्याला समजेल अशा मराठीत सांगितलं. विनापरवानगी गैरहजेरीमुळं सेवेत खंड पडला आहे. खंड पडला की त्याच्या आधीची सगळी सेवा धरत नाहीत. धरायची ती खंडानंतरची. ती होते नऊ वर्षं सात महिने. पेन्शनला दहा वर्षं लागतात. म्हणून पेन्शन नाही, एकरकमी काय ते मिळेल.

खंडाच्या आधी तुम्ही वीस वर्षं पाटावर काढली होती. ती वीस वर्षं त्या बाईंनी नव्हे, नियमानं एका ओळीत पुसली. तुम्ही खुर्चीत बसून होतात. मी उभा राहिलो. मी म्हणालो, बाई, नऊ वर्षं सात महिने म्हणजे दहाच झाली की. बाजारात आम्ही एवढं इकडंतिकडं सोडून देतो.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "भाऊ, हा बाजार न्हाई. वरचे पाच महिने मी कुठून आणू, माझ्या नोकरीतले देऊ का?"

मी टेबलावर हात आपटला. तुम्ही माझा हात धरून मला खाली बसवलंत आणि बाईंना म्हणालात, "त्याचं मनावर घेऊ नका बाई, त्याला बैलाशी बोलायची सवय हाय." बाई हसल्या. मला त्यांच्यापेक्षा तुमचा राग आला.

पण त्या बाईंनीच वाट सांगितली. खंड क्षमापित करून घेता येतो. त्यासाठी वरच्या साहेबांकडं अर्ज करायचा, गैरहजेरीचं कारण लिहायचं. कारण माणसाच्या आवाक्याबाहेरचं असलं पाहिजे. साहेबांना पटलं तर खंड माफ, मागची वीस वर्षं जोडली जातात, पेन्शन सुरू होते. तुमच्या मागं अक्कालाही कुटुंब पेन्शन. मी म्हणालो, झालं मग, एका अर्जाचं काम आहे. किती मूर्ख होतो मी.

पहिला अर्ज आपण खरा लिहिला. पत्नीचा भाऊ दवाखान्यात होता, त्याच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. तीन-चार महिन्यांनी तो शेरा मारून परत आला. नियमात कुटुंब म्हणजे पत्नी, मुलं, आई-वडील. पत्नीचा भाऊ त्यात येत नाही. दाजी, मी तुम्हाला तेव्हा कळू दिलं नाही, पण ती ओळ मी घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचली. ज्यानं चार महिने माझं सगळं केलं त्याचा मी कुणीच नाही, असं सरकारी शिक्क्यानिशी लिहून आलं होतं. तुम्ही मात्र वाचून कागदाची घडी घातलीत आणि म्हणालात, "सरकारला मेहुणा न्हाई, त्याला काय कळणार?"

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. एका ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला आणला, की त्या चार महिन्यांत तुम्हाला कावीळ झाली होती आणि तुम्ही अंथरुणाला खिळून होतात. नवा अर्ज लिहून घेतला. फक्त तुमची सही बाकी. तुमच्या ओट्यावर बसून मी तो तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत.

"मला कावीळ व्हती?"

"कागदावर व्हती."

"मंग त्या खाटेवर कोण व्हतं?"

मी म्हणालो, दाजी, ते सरकारला कशाला सांगायचं. तुम्ही म्हणालात, "सरकारला न्हाई रे. हे मी उद्या तुझ्या अक्काला वाचून दाखवू का?" आणि कागद माझ्या मांडीवर ठेवून गोठ्याकडं निघून गेलात.

मी कारकूनबाईंकडं पुन्हा गेलो, एकटाच. या वेळी हात आपटला नाही. बाईंनी तिसरी वाट सांगितली. खोटं लिहू नका, पण नम्रपणे लिहा. माझ्या हातून चूक झाली, अज्ञानानं झाली, साहेबांनी दया करून क्षमा करावी. अशा अर्जावर साहेब लोक विचार करतात. बाईंनी मायेनं मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. परतीच्या एस.टी.त मला वाटलं की आता जमलं. यात खोटं काही नाही, दाजींना सही करायला अडचण काय?

तुम्ही मजकूर ऐकला आणि पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. चूक कोणती, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, न सांगता राहिलात ती. तुम्ही म्हणालात, "महेबूबला सांगून आलो व्हतो. पाणी थांबलं न्हाई. मंग चूक कोणती उरली? तू जगलास ती?"

 अडलो की मी ओरडतो, तसा ओरडलो. म्हणालो, एका सहीनं काय तुमची अब्रू जाते. अर्धं सरकार असल्या अर्जांवर चालतं. तुम्ही म्हणालात, "असंल. पण तुला वाचवलं ह्याची मी माफी मागणार न्हाई." अक्का चुलीपाशी होती, तिनं तोंडाला पदर लावला. तुम्हाला वाटलं असेल तुम्ही मला मान दिलात. दाजी, तुम्ही माझ्या छातीवर धोंडा ठेवलात. त्या दिवसापासून तुमची गेलेली पेन्शन माझ्या नावावर चढली, आणि ती तुम्ही मला फेडूही देत नव्हतात.

एकरकमी मिळाले ते धाकटीच्या लग्नात गेले. तुम्ही डोंगरकडा गावातल्या एका केळीच्या बागेवर राखणदार म्हणून जायला लागलात. पाटावरचा माणूस, लोक ज्याला विचारून पेरणी करायचे, तो दुसऱ्याच्या केळी राखत बसला. मी बाजारात जाता-येता तिकडून जायचो. बैलांचा धंदा संपत आला होता, लोक ट्रॅक्टर घेत होते, तर मी जुने ट्रॅक्टर विकायला लागलो होतो. माझं बरं चाललं होतं. घर बांधलं होतं. आणि तुम्ही बांधावर बसून मला म्हणायचात, "ये शेठ, बस. केळी खा. ह्या भावात घासाघीस करायची न्हाई, फुकट हाय." मी केळं सोलून तसंच हातात धरून बसायचो.

शेवटी मी तुमच्याशी माझी भाषा वापरली. एका दुपारी ओट्यावर तुमच्या शेजारी बसलो, तुमचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. आत बोटं दाबून एक आकडा सांगितला, दर महिन्याचा. तुम्हाला जी पेन्शन बसली असती तिच्याहून थोडा जास्त, कारण तुम्ही खाली ओढणार हे मी धरलं होतं. तुम्हाला ही खूण येत होती, मीच दवाखान्यात शिकवली होती. मी वाट बघत राहिलो. एक बोट दाबा, दोन दाबा, कितीही दाबा. तुम्ही काहीच दाबलं नाहीत. रुमालाखाली माझा हात नुसता धरून बसलात, कितीतरी वेळ, आणि तुमचा अंगठा माझ्या मनगटावरून फिरत राहिला, दवाखान्यात नाडी बघायला शिकला होतात तसा. मग म्हणालात, "भाऊबीजेला अक्काला लुगडं घेतोस, ते घे. मला पेन्शन घालू नको. ती मी जिथं कमावली तिथून आली तर घेईन."

तुमच्यासारख्या माणसाशी सौदा करताच येत नाही. ज्याला काहीच नको त्याला कुठं धरायचं?

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला जे झालं ते सांगायचं तर लागेलच. अक्कानं ओवाळलं, मी ताटात लुगडं ठेवलं. तुमच्या खोकल्यावर बोलता बोलता मी पुन्हा अर्जाचा विषय काढला, आणि तुम्ही हसलात. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. तुमचा स्वाभिमान तुमच्यासोबत जाईल आणि माझ्या बहिणीला लोकांच्या दारात जावं लागेल, असं मी म्हणालो. पोरी, जावई, सगळे बसलेले. तुम्ही उठलात आणि बाहेर जाऊन हात धुतलेत, जेवण अर्धं राहिलं. अक्कानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. मी चप्पल घातली आणि निघालो.

दोन महिने आलो नाही. तुम्हीच आलात, सिद्धेश्वर धरणातली मासळी पिशवीत घेऊन. माझ्या बायकोच्या हातात पिशवी दिलीत, मला म्हणालात, "काहून तोंड लपवून राहिलास? माझा राग तर मी विसरून बी गेलो." चहा घेतलात, माझ्या पोरांशी बोललात, गेलात. मी माफी मागायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तुम्ही ट्रॅक्टरच्या भावाबद्दल विचारलंत. तुम्हाला कळलं होतं मी काय बोलणार ते. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. त्यानंतर तीन आठवड्यांनी सकाळी चहा घेता घेता तुम्ही भिंतीला टेकलात ते टेकलातच.

तेरावं झाल्यावर मी अक्कासमोर कागद ठेवले. मी तिला सांगितलं, की पेन्शन चालू असलेल्याच्याच बायकोला मागं पेन्शन मिळते, म्हणून आधी तुमचा खंड माफ व्हायला हवा. त्यासाठी आता वारस म्हणून तिला अर्ज करता येतो. त्या कारकूनबाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी एक तरुण माणूस आहे, त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि नवा फॉर्म दिला. काविळीचा दाखला मी जपून ठेवलेला होता. तोही बाहेर काढला. आता नको म्हणायला तुम्ही नव्हतात. मी अक्काला खरं ते सांगितलं, की खरं लिहिलं तर एकदा परत आलंय, पुन्हा येईल. कावीळ लिहिली तर काम होण्यासारखं आहे.

अक्कानं दाखल्यावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही. मग म्हणाली, "दर महिन्याला तू दे. मी घेईन."

मला ऐकूनही खरं वाटेना. सहा-सात वर्षं मी ज्यासाठी तडफडत होतो ते माझ्या बहिणीनं एका वाक्यात देऊन टाकलं. मी लगेच हो म्हणालो, आकडा सांगायला लागलो. तिनं हात वर केला.

"थांब. माझं बी एक हाय. त्यांना आजारी करू नको. तीस वर्षं पाटावर गेले, एक दिवस अंथरूण धरलं न्हाई. त्यांनी जे केलं ते लिही. परत आलं तर पुन्यांदा लिही. तोवर तुझं घेते."

मी म्हणालो, अक्का, तसं लिहून पेन्शन येणार नाही. ती म्हणाली, "न येऊ दे. पण तिथल्या कागदात एकदा तरी खरं असू दे." दाजी, तुम्ही माझ्याशी कधी सौदा केला नाहीत, पण तुमच्या घरात राहून ती शिकली. आणि तिनं मला असं बांधलं की मला एक पैसा कमी करायला जागा ठेवली नाही.

दाखला मी तिच्याच चुलीत घातला. काल सकाळी फॉर्म घेऊन बसलो. नाव, हुद्दा, सेवेत लागल्याची तारीख, सगळं भराभर लिहिलं. मग तो रकाना आला: अनुपस्थितीचे कारण. मी आयुष्यभर लोकांना बोलण्यात गुंडाळलं, मला एक ओळ सुचेना. पहिल्या अर्जात आपण 'पत्नीचा भाऊ रुग्णालयात दाखल' असं लिहिलं होतं. खरं होतं, पण ते वाचून कुणालाही वाटावं की तुम्ही तिथं डबा घेऊन जात होतात. तुमच्या हयातीत मी तुम्हाला एकदाही म्हणालो नाही की तुम्ही नसतात तर मी नसतो. भांडलो, पैसे देऊ केले, लोकांसमोर तुमचा अपमान केला, पण हे म्हणालो नाही. मला वाटायचं, म्हटलं की फिटेल, आणि तुमचं फिटलेलं मला नको होतं.

रकाना छोटा आहे. अक्षर बारीक काढावं लागलं. साहेब कोण असेल, काय शेरा मारेल, कुटुंबात मेहुणा येतो की नाही, ते त्यांचं ते बघतील. अक्काचा अंगठा खाली उमटवून घेतला आणि आज सकाळी कचेरीत देऊन आलो. तुम्ही सही केली असतीत की नाही मला माहीत नाही, म्हणून काय लिहिलं ते सांगतो.

"अर्जदाराचा भाऊ किसन मरायला टेकला होता. यांनी चार महिने त्याला मरू दिलं नाही."